सर्पगंधेची मुळी, पाऱ्याची नळी आणि सशाचे कान

निजामाच्या राज्याचे मनोरुग्णालय एकेकाळी जालन्यात होते. आज मस्तगडाच्या आसपास राहणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना हे ठाऊक असेल. निजामुल्मुल्काच्या हुकमावरून १७२५ मध्ये बांधलेली ती गढी, तिच्याभोवतीचे जुने गाव, कुंडलिका नदी, सरकी-बियाण्यांची बाजारपेठ ही जालन्याची नेहमी सांगितली जाणारी ओळख. मनोरुग्णालय त्या ओळखीतून गळून पडले, कारण ते गावातून गेलेच. १९५३ मध्ये ते हलवून हैदराबादेत एर्रागड्डा येथे नेले गेले. तीन वर्षांनी भाषावार राज्ये झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. रुग्णालय मात्र तिकडेच राहिले. महाराष्ट्राच्या वाट्याला ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आली. त्यांतले एकही मराठवाड्यात नव्हते. मस्तगडच्या एखाद्या घरात कुणाचे मन बिघडले आणि त्याला सरकारी मनोरुग्णालयात ठेवायची वेळ आली, की येरवड्याची नाहीतर नागपूरची वाट धरायची, असे पुढे कित्येक दशके चालले. जालन्यात पुन्हा असे रुग्णालय उभारण्याचा निर्णय शासनाने अगदी अलीकडे घेतला.

मला या हकिकतीत १९५३ हे साल खुणावते. जालन्यातून मनोरुग्णालय उठले त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीने सर्पासिल नावाची गोळी बाजारात आणली. मनाच्या विकारावर चालणाऱ्या पहिल्या दोन आधुनिक औषधांपैकी ते एक. ते आपल्याकडच्या एका झुडपाच्या मुळीतून काढलेले होते, आणि त्या मुळीला जगापुढे आणणारी चाचणी मुंबईत झाली होती. ती केली होती हृदयरोगाच्या एका डॉक्टराने. मनाच्या औषधाचा रस्ता हृदयाच्या डॉक्टराकडून का गेला, याचे उत्तर मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

त्या आधीची स्थिती आठवली पाहिजे. मनोरुग्णालयात औषधे होती, पण ती झोपवणारी. ब्रोमाइड, पॅरल्डिहाइड, बार्बिट्युरेट. पॅरल्डिहाइडचा उग्र वास वॉर्डच्या भिंतींना चिकटून राहत असे. १९३८ मध्ये इटलीत विजेचा झटका देण्याची पद्धत निघाली होती. इन्सुलिन टोचून रुग्णाला बेशुद्ध करणे हाही उपचार समजला जाई. रुग्ण जागा राहील, बोलेल, जेवेल आणि तरी त्याच्या डोक्यातले वादळ शमेल, असे औषध कुठेच नव्हते. नागपूरचे रुग्णालय १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. त्यांच्या उंच भिंती आणि जाड गजांची दारे का उभी राहिली असतील, ते यावरून कळते. बांधणाऱ्यांच्या हाती दुसरे काही नव्हते.

मुळी मात्र होती. सर्पगंधा, काही भागांत तिला अडकई म्हणतात. गुडघाभर उंचीचे झुडूप, पांढुरकी-गुलाबी फुले, पिकल्यावर काळी पडणारी फळे, आणि जमिनीत वाकडेतिकडे गेलेले, चवीला कडूजहर मूळ. कोकण आणि सह्याद्रीच्या ओलसर रानापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ते उगवे. साप-विंचवाच्या दंशावर ते देत. मुंगूस सापाशी झुंजण्याआधी ही पाने खाते, अशी समजूतही फार जुनी. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये तिथल्याच छापखान्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात सर्पविषावरच्या मुळ्यांची माहिती दिली, आणि त्यांतले एक वर्णन सर्पगंधेशी जुळते असे अभ्यासक मानतात. बिहार आणि उत्तर प्रदेशात तर हीच मुळी ‘पागल की दवा’ म्हणून बाजारात विकली जाई. वेड लागलेल्याला ती उगाळून पाजत, रडक्या पोराला झोपवण्यासाठीही देत.

विसाव्या शतकात आपल्याच डॉक्टरांनी तिच्याकडे नव्या नजरेने पाहायला सुरुवात केली. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका भारतीय वैद्यक मासिकात लिहिले, की या मुळीची पूड दिवसातून दोनदा दिली तर उन्माद उतरतो आणि वाढलेला रक्तदाबही खाली येतो. दोन्ही गुण एकाच लेखात, शीर्षकातच नोंदलेले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमां सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइड वेगळे केले आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन म्हटले. कोलकात्यात रामनाथ चोप्रा यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. १९३४ मध्ये हिमालय ड्रग कंपनीने मुळीची ‘सर्पिना’ ही गोळी विकायला काढली. म्हणजे माहिती होती, रसायनशास्त्र होते, गोळीसुद्धा होती. तरीही पुढची जवळजवळ वीस वर्षे जगाने दखल घेतली नाही.

परकीयांनी आपल्या मासिकांकडे दुर्लक्ष केले हे त्याचे एक कारण, आणि ते खरे आहे. दुसरे कारण मला अधिक खोल वाटते. उन्माद उतरला, हे सांगायचे कसे? आधीपेक्षा शांत झाला, चार घास नीट खाल्ले, घरच्यांना ओळखले, ही डोळ्यांची साक्ष झाली. एका डॉक्टरला जो शांत वाटला तो दुसऱ्याला तसा वाटेलच असे नाही, आणि कोलकात्यातला शांतपणा लंडनच्या शांतपणाशी कोणत्या फुटपट्टीने ताडून पाहणार? मनाला मोजमाप नव्हते. रक्तदाबाला होते. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोच्चीने दंडाला बांधायची पट्टी आणि पाऱ्याची नळी दिली, १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हने स्टेथोस्कोप लावून वरचा आणि खालचा दाब ऐकायची युक्ती दिली. पाऱ्याचा आकडा मुंबईत १८० असो की बॉस्टनमध्ये, तो १८०च.

हा आकडा हाती घेऊन सर्पगंधेकडे वळले डॉ. रुस्तम जाल वकील. मुंबईच्या पारशी घराण्यात १९११ मध्ये जन्मलेले, लंडनमध्ये शिकलेले, १९३८ च्या सुमारास मुंबईला परतून परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडले गेलेले. हृदयरोग हे त्यांचे क्षेत्र. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरकडे देण्यासारखे फारसे काही नव्हते. मीठ बंद, विश्रांती, झोपेची गोळी, आणि काही ठिकाणी मज्जातंतू कापण्याची भयंकर शस्त्रक्रिया. मुंबईतले अनेक डॉक्टर सर्पगंधेच्या गोळ्या लिहून देत होते. वकील यांनीही वर्षानुवर्षे त्या वापरल्या होत्या. त्यांचा वेगळेपणा असा, की आपला अनुभव चांगला आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले, त्यांना ठरावीक मात्रेत मुळीच्या गोळ्या दिल्या, आणि आठवड्यामागून आठवडे दाब मोजून लिहून ठेवला. चार आठवड्यांअखेर ८५ टक्के रुग्णांचा वरचा दाब उतरला होता आणि ८१ टक्क्यांचा खालचा. हा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला.

आजच्या कसोटीवर ही चाचणी तोकडी आहे. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि कुणाला काय दिले ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही, अशी कडक रीत तेव्हा जगातच नुकती रुजत होती. ब्रिटनमधली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी १९४८ ची. पण वकील यांच्या निबंधात जे होते ते पुरेसे होते: एक झुडूप, एक मात्रा, ५० माणसे आणि प्रत्येकाचा आधीचा-नंतरचा आकडा. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला डॉक्टर ते पुन्हा करून पाहू शकत होता.

बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ते करून पाहिले. वकील यांचा निबंध वाचून त्यांनी भारतातून औषध मागवले, १९५० पासून आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांना द्यायला लागले. दाब हळूहळू उतरे, फार उतरत नसे. मात्र विल्किन्स यांना आणखी एक गोष्ट दिसली. रुग्ण निवांत होत. झोपाळलेले नव्हे, निवांत. रक्तदाबाची चिंता करकरून हैराण झालेली माणसे सांगू लागली, की आता पूर्वीसारखे काही टोचत नाही. विल्किन्स यांनी हे लिहून ठेवले. सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये जे पाहिले होते तेच हे, पण आता ते पाऱ्याच्या आकड्यांच्या पाठोपाठ आले होते, म्हणून ऐकले गेले.

इकडे बाझेलमध्ये सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळीच्या अर्काची उलटतपासणी चालू होती. आधी सापडलेली अजमलीनसारखी द्रव्ये प्राण्यांना शांत करत नव्हती. गुंगी आणणारा अंश राळेसारख्या उरलेल्या चिकट भागात होता, जो रसायनतज्ज्ञ सहसा फेकून देतात. म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी १९५२ मध्ये त्या भागातून एक शुद्ध स्फटिकरूप द्रव्य काढले आणि त्याला रिसर्पिन नाव दिले. मुळीची पूड ग्रॅममध्ये द्यावी लागे. रिसर्पिन मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्श्यात काम करू लागले. हीच सर्पासिलची गोळी. १९५६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्ड यांनी तो गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत पायरीपायरीने घडवून दाखवला, आणि सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ती कामगिरी कायमची नोंदली गेली.

मनोरुग्णालयात रिसर्पिन कसे शिरले, याची कथा पुन्हा आपल्याकडूनच सुरू होते. अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मनोविकारांवर देशी औषधांचा उपयोग या विषयावर बडोद्याच्या वैद्यक परिषदेत निबंध वाचला. १९५३ मध्ये त्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड सरकारी मनोरुग्णालयातले नेथन क्लाइन यांच्या वाचनात ती आली आणि त्यांनी आपल्या रुग्णांवर चाचणी सुरू केली. क्लाइन पुढे सांगत, की फरक पडल्याची एक साक्ष रुग्णालयाच्या काचकाम करणाऱ्याकडून मिळाली: फुटलेल्या खिडक्यांच्या काचा बदलण्याचे त्याचे काम अचानक कमी झाले होते. मला ही साक्ष फार बोलकी वाटते. डॉक्टरांच्या मतावर वाद घालता येतो, काचांच्या हिशेबावर येत नाही. मन मोजायला साधन नव्हते, तेव्हा मोजणाऱ्यांनी असा आडून का होईना, आकडा शोधला.

१९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या यादीत वकील, विल्किन्स आणि क्लाइन ही नावे एकत्र आली. त्यांच्यासोबत क्लोरप्रोमझीन या दुसऱ्या औषधाशी जोडलेली लाबोरी, देनिकेर आणि लेहमान ही नावेही होती. हा पुरस्कार वैद्यकात नोबेलच्या खालोखाल मानला जातो. परळच्या डॉक्टराचे नाव त्या यादीत असावे, ही मुंबईने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. पुढच्या वर्षी वकील यांना पद्मभूषणही मिळाले. पण आज केईएमच्या दारातून रोज आत-बाहेर करणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? वकील यांचे काम शाळेच्या पुस्तकात यायला हवे होते. एखादी मुळी आपल्याला हजार वर्षे माहीत होती, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. ती मोजून कुणी दाखवली, हे सांगायचे राहते.

मुळी देणाऱ्या रानाची कथा थोडक्यात उरकण्यासारखी नाही, पण लांबवण्याइतकी सुखाचीही नाही. परदेशी मागणी इतकी वाढली, की मुळ्यांसकट झुडपे उपटली गेली. मूळ काढले की झाड मेले, त्यामुळे उपट म्हणजे संहारच. भारताने निर्यातीवर बंधने आणली, कंपन्या आफ्रिकेतल्या त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाकडे वळल्या. १९९० मध्ये सर्पगंधेचे नाव वन्यजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेले. मुळ्या खणून देणाऱ्यांच्या हाती या धंद्यातले काय पडले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

औषधाचीही दुसरी बाजू लवकरच दिसली. नाक चोंदणे, नाडी मंद होणे, जुलाब हे किरकोळ. गंभीर गोष्ट अशी, की रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणाऱ्या काही माणसांना खोल खिन्नतेने घेरले, काहींनी जीवन संपवायचाही प्रयत्न केला. क्लोरप्रोमझीन लवकर गुण दाखवी, म्हणून मनोरुग्णालयात ते पुढे गेले, रिसर्पिन मागे पडले. आपल्याकडे मात्र ते रक्तदाबाच्या गोळ्यांत दीर्घकाळ राहिले. एडेल्फेन या गोळीत तेच होते, आणि आजी-आजोबांच्या औषधाच्या डब्यातले हे नाव पन्नाशीपुढच्या अनेक वाचकांना आठवेल.

पण रिसर्पिनचे खरे मोठेपण याच दोषातून आले. जे औषध चांगल्या माणसाला खिन्न करते, ते मेंदूत नेमके काय हलवते, हे शोधले तर खिन्नतेचे रसायन हाती लागेल, असे काही शास्त्रज्ञांना वाटले. आणि इथे दुसरे मोजमाप आले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉबर्ट बोमन या माणसाने १९५५ च्या सुमारास एक यंत्र तयार केले, स्पेक्ट्रोफोटोफ्लोरोमीटर. नाव अवजड, कल्पना सुटसुटीत. काही द्रव्यांवर एका ठरावीक लांबीच्या तरंगाचा अतिनील प्रकाश टाकला, की ती स्वतःचा वेगळा उजेड परत फेकतात. दोन्ही तरंगलांब्या हव्या तशा निवडता आल्या, तर मिश्रणातले नेमके एक द्रव्य ओळखता येते आणि उजेड किती यावरून ते किती आहे हेही सांगता येते. मेंदूतली सेरोटोनिनसारखी द्रव्ये इतकी सूक्ष्म प्रमाणात असतात, की आधीच्या पद्धतींना ती नीट सापडतच नसत. आता ग्रॅमच्या अब्जांशापर्यंत हात पोचला.

त्याच संस्थेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत शोर आणि प्लेट्शर यांनी सशांना रिसर्पिन टोचले आणि या यंत्राने मोजले. सशांच्या शरीरातले सेरोटोनिनचे साठे रिकामे झाले होते. पहिल्यांदाच मनावर परिणाम करणारे एक औषध आणि मेंदूतले एक रसायन यांचा संबंध आकड्यांत मांडता आला. मेंदूच्या औषधांचे आधुनिक शास्त्र इथून सुरू झाले असे मी म्हणेन, आणि त्याच्या मुळाशी सर्पगंधा होती.

त्या प्रयोगशाळेत काही महिने शिकायला आलेले स्वीडनचे आर्विद कार्लसन परत लुंडला गेले आणि त्यांनी प्रश्न पुढे नेला. रिसर्पिन दिलेला ससा निश्चल बसतो, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, कान दोन्ही बाजूंना लोंबलेले. मागे सरत नाही, पुढे येत नाही. सेरोटोनिन संपल्यामुळे असे होत असेल तर ते पुन्हा भरून काढल्यावर ससा उठायला हवा. कार्लसन यांनी सेरोटोनिन ज्यापासून बनते ते द्रव्य दिले. ससा हलला नाही. मग त्यांनी डोपामिन आणि पुढे नॉरअॅड्रिनलिन ज्यापासून बनते ते लेव्होडोपा दिले. ससा काही मिनिटांत उठला, त्याचे कान ताठ झाले, तो चालू लागला. निबंध १९५७ चा. मोजले तर मेंदूत नॉरअॅड्रिनलिन परत आलेले नव्हते. आले होते डोपामिन, ज्याला तोवर सारे जण केवळ मधली पायरी समजत होते. पुढच्या वर्षी त्यांनी डोपामिन हे मेंदूतले स्वतंत्र कामाचे द्रव्य असल्याचे दाखवले. १९६० मध्ये लंडनच्या एका परिसंवादात मोठमोठ्या औषधशास्त्रज्ञांनी त्यावर अविश्वास दाखवला. हा परिसंवाद भरवला होता सिबाच्याच प्रतिष्ठानने. कार्लसन यांना नोबेल मिळाले २००० साली.

लोंबलेल्या कानांच्या त्या सशात काही डॉक्टरांना ओळखीचा चेहरा दिसला: कंपवाताचा रुग्ण. पार्किन्सनच्या आजारात माणूस असाच थिजतो, पाऊल उचलत नाही, चेहऱ्यावरचे भाव गोठतात. व्हिएन्नात होर्नकीविच यांनी अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासले, त्यांत डोपामिन अगदीच कमी होते. १९६१ मध्ये तिथेच लेव्होडोपा रुग्णांना दिले गेले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी मोठ्या मात्रेत ते तोंडावाटे देऊन वर्षानुवर्षे खिळलेली माणसे चालती केली.

सशाबरोबर उंदरालाही मानाचे पान मिळाले. रिसर्पिन दिलेल्या उंदराच्या पापण्या गळतात, अंगाचे तापमान उतरते. १९५०च्या दशकाअखेर लक्षात आले, की स्विस डॉक्टर रोलांड कून यांनी खिन्नतेवर उपयोगी ठरवलेले इमिप्रामीन आधी दिले तर या गोष्टी टळतात. झाले, खिन्नतेवरचे नवे औषध पारखायची कसोटी मिळाली. उंदराची पापणी किती गळली हे गुणांमध्ये मांडायचे, तापमान थर्मामीटरने घ्यायचे. जगभरच्या कंपन्या शेकडो नव्या संयुगांना या परीक्षेतून काढू लागल्या. जी मुळी एकेकाळी वेडावर देत, तिच्यातले द्रव्य आता दुसऱ्या औषधांची परीक्षा घेणारे साधन झाले. या कसोटीची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. इमिप्रामीनसारखी औषधे ती अचूक पकडे, पण वेगळ्या वाटेने काम करणारी औषधे तिच्यातून निसटत. साधन जे मोजते तेवढेच संशोधकाला दिसते, ही या शास्त्राची अडचण आजही सुटलेली नाही.

या परीक्षेचे युग मुंबईतही आले. मार्च १९६३ मध्ये गोरेगावला पंडित नेहरूंच्या हस्ते सिबाच्या संशोधन केंद्राचे उद्घाटन झाले. पहिले संचालक मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेले रसायनतज्ज्ञ टी. आर. गोविंदाचारी. परदेशी कंपनीच्या पैशाने चालणारे, पण भारतीय शास्त्रज्ञांनी भारतात नवा रेणू घडवायचा, त्याची प्राण्यांवर परीक्षा करायची आणि इथल्याच रुग्णांपर्यंत न्यायचा, असे ते केंद्र. इथे जन्मलेल्या संयुगांच्या क्रमांकाला ‘गो’ हा शेपटा लागे, गोरेगावचा. त्यांतले एक होते नायट्रोक्सेझेपीन. कुप्पुस्वामी नागराजन यांच्यासारखे रसायनतज्ज्ञ तिथे काम करत होते. खिन्नतेवरचे औषध म्हणून नायट्रोक्सेझेपीन ‘सिंटामिल’ या नावाने भारतात विकले गेले. इमिप्रामीनच्या तोलाचे, पण तोंड कोरडे पडण्यासारखे त्रास त्याहून कमी, अशी त्याची ख्याती होती. झोपेत अंथरूण ओले करणाऱ्या मुलांसाठीही ते वापरले गेले. भारतात घडवून बाजारापर्यंत पोचलेली मेंदूची औषधे बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतले एक पश्चिम उपनगरातले. पुढे कंपन्यांची गणिते बदलली आणि ते केंद्र बंद झाले. तिथे घडलेले औषधशास्त्रज्ञ देशभर पांगले, पण असे केंद्र मोडले की एका छताखाली साचलेली रसायन, प्राणी-परीक्षा आणि दवाखाना यांची साखळी तुटते, आणि ती पुन्हा जोडायला दोन पिढ्या लागतात. मुंबईचे ते मोठे नुकसान झाले.

एक धागा मात्र मुंबईत तुटला नाही. लेव्होडोपा प्रयोगशाळेतच बनते असे नाही. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते खाजकुयलीच्या बियांत सापडल्याचे दाखवले होते. तेव्हा त्याचा मेंदूशी काही संबंध असेल अशी कुणाला कल्पनाही नव्हती. खाजकुयली मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. बांधावर चढलेली ती वेल, शेंगेवरची तपकिरी लव, अंगाला लागली की आग. आयुर्वेदात तिच्या बिया, कवचबीज, वातविकारांवर आणि पौष्टिक म्हणून वापरत आले. सशाचे कान ताठ झाल्यावर या बियांचा अर्थच बदलला.

१९७८ मध्ये न्यूरॉलॉजी इंडिया या नियतकालिकात मुंबईच्या गटाचा निबंध आला: पार्किन्सनच्या रुग्णांवर खाजकुयलीच्या बियांचा प्रयोग. लेखकांत औषधशास्त्रज्ञ अशोक वैद्य, डी. एस. अंतरकर आणि जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया होते. आयुर्वेदाच्या औषधाची परीक्षा आणि मज्जाविकारतज्ज्ञाची तपासणी एकाच निबंधात आली. वकील यांनी ३० वर्षांपूर्वी जे केले तेच हे काम, फक्त आता मोजायचे होते चालणे, थरथर आणि ताठरपणा, आणि त्यासाठी गुण देण्याच्या पद्धती तयार झालेल्या होत्या. रुग्णाला मूठ उघड-मीट करायला सांगायची, खुर्चीतून उठवायचे, वळायला लावायचे, प्रत्येक गोष्टीला आकडा द्यायचा.

पुढे मुंबईच्या झंडू फार्मास्युटिकल वर्क्सने या बियांची प्रमाणित पूड तयार केली, संकेत-नाव एचपी-२००. साडेसात ग्रॅमची पुडी पाण्यात कालवून दिवसातून अनेकदा घ्यायची. भारतातल्या अनेक केंद्रांत ६० रुग्णांवर १२ आठवडे तिची चाचणी झाली; त्यांतल्या ३४ जणांनी आधी कधीच लेव्होडोपा घेतले नव्हते, २६ जण गोळी थांबवून पुडीवर आले होते. आजाराचे गुण लक्षणीय उतरले. हा निबंध १९९५ चा. २००४ मध्ये लंडनमध्ये दोन्ही बाजूंना न सांगता केलेल्या चाचणीत ८ रुग्णांना एकदा नेहमीची गोळी आणि एकदा ३० ग्रॅम खाजकुयली दिली गेली. गोळीचा गुण सरासरी ६८ मिनिटांनी दिसला, बियांचा ३५ मिनिटांत, आणि तो ३७ मिनिटे जास्त टिकला. आठ माणसांवरून नियम ठरत नाही, आणि बांधावरच्या शेंगेत द्रव्य किती आहे हे झाडागणिक, जमिनीगणिक बदलते. कुणी हे वाचून आपल्या मनाने बिया खाऊ नयेत, त्यात जीवाचा धोका आहे. प्रमाणित पुडीची गरज नेमकी यासाठीच होती. प्रत्येक पुडीत लेव्होडोपा किती, हे आधी प्रयोगशाळेत मोजले जाते, आणि मगच ती रुग्णाच्या हाती जाते.